वाट कोणाची चुकली?

९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूड भागात एक रानगवा शिरला. बघ्यांची झुंबड उडाली. काही तासांच्या धावपळीनंतर त्याला बेशुद्ध करून पकडण्यात आले आणि त्याच दिवशी तो मेला. ‘वाट चुकलेला गवा’ म्हणून चार दिवस हळहळ झाली आणि विषय मिटला. परंतु तो वाट का चुकला, हा प्रश्न तसाच राहिला. माझ्या मते खरा विषय तोच आहे.

सह्याद्रीतला गवा मुख्यतः राधानगरी-दाजीपूर, चांदोली, कोयना या रानांत राहतो. दाजीपूर हे एके काळी कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे रान. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झाले. पुणे या मुलुखाच्या उत्तर सीमेपलीकडे. मुलुखाच्या मध्यभागी एखादे वर्ष वाईट गेले तरी कळप सावरतो. सीमेवर मात्र चारा, पाणी, ऊन, रोग यांपैकी एक जरी बिघडले तरी संख्या ढासळते. म्हणून रानाची नाडी सीमेवरच पाहावी लागते.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ती पाहिली गेली. तेथे मूस नावाचे, आपल्या सांबराहूनही मोठे हरीण आपल्या मुलुखाच्या दक्षिण सीमेवर राहते. राज्याच्या ईशान्य भागात २००६ मध्ये सुमारे ८,८०० मूस होते. २०१३ पर्यंत ते तीन हजारांच्या आत आले. नुसती डोकी मोजून भागेना, तेव्हा संशोधकांनी मूसच्या गळ्यात रेडिओ-पट्टे बांधले आणि मेलेल्या जनावरापाशी तातडीने पोहोचून कारण शोधले. कारण एकच नव्हते. लांडगे होते, गोचिडी होत्या, आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणांबरोबर येणारा मेंदूतला जंतही होता. तो त्या हरणांना बाधत नाही, मूसला मारतो.

आपल्याकडेही असे घडले आहे. १९६८ साली बंदीपूर-मुदुमलाईच्या रानांत बुळकांडीने गव्यांचे कळप कापून काढले. रोग गुराढोरांचा, मेला गवा! बुळकांडी जगातून गेल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. लाळ-खुरकूत मात्र आहेच. तेव्हा रानालगतच्या गावात गाईला लस टोचणे हेही गव्याचेच रक्षण आहे.

‘गव्याने ऊस तुडवला तर शेतकऱ्याने काय करावे?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. डिसेंबर २०२१ मध्ये कोल्हापूरजवळ गव्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला. म्हणूनच तर अभ्यास हवा. गवा उसाच्या गोडीने येतो, की रानातले गवत रानमोडीने गिळले म्हणून येतो? पहिले खरे असेल तर कुंपण हवे, दुसरे असेल तर कुरण. कारण न शोधता केलेला उपाय म्हणजे नाडी न पाहता दिलेले औषध.

आपण कला शाखेचे विद्यार्थी, आपल्याला काय त्याचे? पण नोंद ठेवायला प्रयोगशाळा लागत नाही. आमच्या मोरिवलीत कारखाने आहेत, पण बदलापूरपुढे बारवी धरणाभोवती अजून जंगल आहे. तिथल्या पाड्यांवरची वडीलधारी माणसे कोणता प्राणी कधी दिसायचा आणि कधीपासून दिसेनासा झाला, हे सांगू शकतील. भूगोल आणि समाजशास्त्र विभागांनी मिळून त्यांच्या मुलाखती घ्याव्यात, तारीखवार वही ठेवावी. आपल्यापैकी अनेकांच्या घरातून प्रथमच कोणी महाविद्यालयाची पायरी चढले आहे. आजोबांना जे ठाऊक होते ते कागदावर उतरवणे, हे काम आपण नाही करायचे तर कोणी?