पटणारे कारण

मुलांनो, वक्तृत्वस्पर्धेत पाठ केलेल्या भाषणाला टाळ्या पुष्कळ पडतात. परंतु त्याने कोणाचे मत बदलते काय? मुख्याध्यापक असताना मीही मुलांना अशी भाषणे लिहून देत असे. आज ती माझी चूक वाटते.

आमच्या पैठणचे संत एकनाथ पाहा. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची मराठी टीका १५७३ साली काशीस पूर्ण झाली. धर्मग्रंथ संस्कृतातच शोभतो, असे मानणारे पंडित तेव्हा पुष्कळ होते. नाथांनी त्यांच्यापुढे दुधाचा दाखला ठेवला. कपिला गाय श्रेष्ठ खरी. पण इतर गाईंचे दूधही तसेच शुभ्र आणि मधुर असते. मग भाषा पालटली म्हणून अर्थाची गोडी कशी उणावेल? दूध तर त्या पंडितांच्याही घरी होते!

लहान मुलांना युक्तिवाद शिकवला तर ती उद्धट होतील, असे काही पालक म्हणतात. मला हे मान्य नाही. कारण सांगता येत नाही, ते मूल हट्ट धरते.

एकदा मी मधली सुटी दहा मिनिटांनी कमी करण्याचे ठरवले. एका मुलाने मुलांच्या हक्कांवर आवेशाने भाषण केले, मी हसलो. मग पाचवीतली एक मुलगी हळूच म्हणाली, “गुरुजी, नळ एकच आहे. रांगेतल्या शेवटच्या मुलाला पाणी मिळण्याआधीच घंटा होते. आपण मोजून पाहा.”

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ घेऊन नळापाशी उभा राहिलो. सुटी होती तेवढीच राहिली.