जाहीरनाम्यात माणूस कुठे आहे?



निवडणूक आली की जाहीरनामे घरोघर येतात. घर, जमीन, नोकरी यांपैकी काय मिळणार, एवढेच आपण पाहतो. मिळणाऱ्या गोष्टींबरोबर आपल्याकडून काय काढून घेतले जाणार, तेही पाहिले पाहिजे.

स्पेनमध्ये १९३१ साली रामिरो लेदेस्मा या तरुणाने ‘राज्यसत्तेवर कब्जा’ अशा अर्थाच्या नावाचे साप्ताहिक काढले. त्याचा जाहीरनामा म्हणजे तिथल्या फॅसिस्ट चळवळीचा पाया. जमीनदारांच्या जमिनी काढून शेतकऱ्यांना कसायला देऊ, असे वचन त्यात होते. कोणाही शेतमजुराला ते गोड वाटेल. पण सर्व सत्ता राज्याची, राज्यासमोर व्यक्तीला वेगळे स्वातंत्र्य नाही, हेही त्यातच छापले होते. पुढे ही चळवळ फालांज पक्षात मिसळली आणि १९३७ मध्ये जनरल फ्रँकोने त्या पक्षाला आपला एकमेव सरकारी पक्ष बनवले. जमिनी पुन्हा जमीनदारांकडे गेल्या, स्वतंत्र कामगार संघटना बंद झाल्या, संप गुन्हा ठरला. फ्रँको १९७५ साली मरेपर्यंत सत्तेवर होता.

हा वारा महाराष्ट्रालाही लागला. लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेनंतर डॉ. बा. शि. मुंजे इटलीला गेले आणि १९ मार्च १९३१ रोजी मुसोलिनीला भेटले. तिथले तरुणांचे लष्करी शिक्षण त्यांना फार आवडले. १९३७ मध्ये त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. त्याच परिषदेला बाबासाहेबही होते. त्यांनी मागितले ते अस्पृश्यांसाठी समान नागरिकत्व आणि मूलभूत हक्क. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी सांगितले की, या घटनेने गाव नव्हे तर व्यक्ती हा घटक मानला, याचा मला आनंद आहे.

या हक्काची किंमत आपल्या जिल्ह्याला माहीत आहे. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. १९७२ साली तिथे श्रमिक संघटना उभी राहिली आणि सावकार-जमीनदारांनी बळकावलेल्या जमिनींसाठी आदिवासी मजूर लढले. एकत्र येण्याचा, मोर्चा काढण्याचा हक्क घटनेत होता, म्हणून हे उघडपणे करता आले.

तेव्हा मत मागायला येणाऱ्याला आपल्या आयाबहिणींनीही विचारावे : “वचन पाळले नाही तर आम्हाला युनियन करता येईल का? संप करता येईल का? पाच वर्षांनी तुम्हाला घरी बसवता येईल का?” उत्तर टाळले, तर तो कागद कितीही गोड असो, आपल्या कामाचा नाही.

जयभीम!