आकाशमार्गे की भूमार्गे?
पुरंदरच्या १६६५ च्या तहानंतर जे बारा किल्ले शिवाजी महाराजांकडे राहिले त्यांत ज्याची गणना होते, त्या तळगडाच्या पायथ्याशी वसलेल्या तळा गावात सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी आलेला खातेदार भर पावसाळ्यात ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ एवढेच ऐकून छत्री झटकीत एस.टी.च्या थांब्याकडे परततो, तेव्हा इंटरनेट आकाशातून यावे की जमिनीतून, हा प्रश्न त्याच्या लेखी केवळ शास्त्रीय राहत नाही. केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केलेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ हे नाव धारण केलेल्या योजनेने ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याचा संकल्प सोडला खरा. परंतु कोकणच्या कातळात चर खणणे हे कागदावर तजवीज करण्याइतके सुलभ नव्हे, आणि खांबांवरून नेलेल्या तारांची गत काय होते, हे ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने सुपारीच्या बागांबरोबर विजेचे खांबही आडवे करून रायगड जिल्ह्याला दाखविलेच. सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहांना दरडीचे भय नाही, आणि ३५,७८६ किलोमीटरांवरील भूस्थिर उपग्रहांचा तो अर्ध्या सेकंदाचा, संभाषणाचा रसभंग करणारा विलंबही त्यांत नाही. मात्र मुसळधार पावसात त्यांचाही संदेश क्षीण होतो, आणि छपरावरच्या तबकडीला वीज ही लागतेच. तेव्हा रोजचा कारभार तंतूवरच चालावा; पण तहसील कचेरीच्या नि सरकारी दवाखान्याच्या छपरांवर एकेक तबकडी, बॅटरीसकट, आपत्काळासाठी सरकारने बसवावी, आणि ती पुढचे वादळ येण्यापूर्वी बसवावी.