दोन दिवसांची गर्दी आणि वर्षभराचे दुकान

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलपुढे उभे राहायला जागा नसते. लांबून आलेली माणसे भाकरीच्या पिशवीत पुस्तके घालून गावी परततात. त्या गर्दीचे फोटो आपण अभिमानाने एकमेकांना पाठवतो आणि म्हणतो, आमचा समाज वाचतो. ते खरेच आहे. पण त्याच गर्दीमुळे आपली फसगतही होते. उरलेले वर्षभर हे विक्रेते कसे जगतात, हे आपण विचारतच नाही.

आम्ही वस्तीत अभ्यासिका चालवतो. आमच्या भागात एस.टी. स्टँडजवळ आंबेडकरी साहित्याचे एक छोटे दुकान आहे. दुकानदार काका मागे सहज म्हणाले, "पोरं येतात, पुस्तक चाळतात, कव्हरचा फोटो काढतात आणि घरी जाऊन मोबाईलवर मागवतात." आमची मान खाली गेली. कारण अभ्यासिकेसाठी स्पर्धा परीक्षांची पुस्तके आम्हीही स्वस्त पडतात म्हणून ऑनलाइनच मागवली होती. त्या पुस्तकांच्या विक्रीवरच काकांच्या दुकानाचे भाडे निघत होते आणि त्याच्या आधाराने चळवळीची पुस्तके फळीवर टिकून होती, हे आम्हाला तेव्हा कळले.

हे एका दुकानापुरते नाही. फ्लिपकार्टने २००७ मध्ये सुरुवात केली ती पुस्तकांपासून. २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉन भारतात आली तीही आधी पुस्तके आणि चित्रपट घेऊन. पुस्तक नासत नाही, त्याला मापाची भानगड नसते आणि किंमत त्याच्यावर छापलेली असते. ग्राहकाला सवय लावायला याहून सोपी वस्तू नाही. बड्या कंपन्या पुस्तकावर सोडलेला नफा दुसऱ्या मालावर भरून काढू शकतात. फक्त पुस्तकेच विकणाऱ्याला ते जमत नाही. मुंबईच्या फोर्टमधले १९४८ पासूनचे स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये बंद झाले. एवढे नावाजलेले दुकान टिकत नसेल, तर जिल्ह्याच्या गावातल्या एका गाळ्याचे काय?

कोणी म्हणेल, दुकान गेले तरी पुस्तक मिळतेच ना? अर्धे उत्तर होय असे आहे. जिथे शंभर किलोमीटरवर असे दुकान नाही, तिथल्या मुलीला ऑनलाइन खरेदीमुळेच बाबासाहेब वाचायला मिळतात. ते नाकारायचे कारण नाही. पण तीन गोष्टी मोबाईलवर मिळत नाहीत.

पहिली गोष्ट छोट्या पुस्तिकांची. बुद्धवंदना, २२ प्रतिज्ञा, एखादे गाजलेले भाषण. दहा-वीस रुपयांची पुस्तिका घरपोच पाठवायचा खर्चच तिच्या किमतीपेक्षा जास्त होतो. चळवळ खेड्यापाड्यांत पोहोचली त्यात या पुस्तिकांचा वाटा मोठा आहे.

दुसरी गोष्ट खात्रीची. बाबासाहेबांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या ग्रंथांचा कॉपीराइट २०१६ अखेर संपला. आता ते कोणीही छापू शकतो. हे चांगलेच झाले, पण अपुरी, गाळलेली किंवा घाईने भाषांतरित केलेली प्रतही त्याच नावाने विकता येते. पडद्यावर फक्त मुखपृष्ठ, किंमत आणि चांदण्या दिसतात. जाणता विक्रेता मात्र सांगतो, "ही नको, यात प्रस्तावनाच नाही. ती घ्या."

तिसरी गोष्ट नव्या वाचकाची. ज्याच्या घरात आजवर पुस्तकच आले नाही, त्याला शोधायचे काय हेच ठाऊक नसते. त्याच्या हातात पहिले पुस्तक कोणीतरी ठेवावे लागते. संगणक मागच्या खरेदीवरून पुढचे पुस्तक सुचवतो. ज्याची मागची खरेदीच नाही, त्याला तो काय सुचवणार?

शासनाने यात काही करावे का? जरूर करावे. फ्रान्समध्ये १९८१ च्या कायद्यानुसार नव्या पुस्तकावर ५ टक्क्यांहून जास्त सूट देता येत नाही, विक्रेता लहान असो की मोठा. २०२३ पासून तिथे ३५ युरोच्या आतल्या ऑनलाइन पुस्तक खरेदीवर किमान ३ युरो घरपोच शुल्क घ्यावेच लागते. आपल्याकडे असा कायदा नाही. आपल्याकडे तर बाबासाहेबांचे 'लेखन आणि भाषणे' हे खंड छापण्याचे काम रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. हे खंड वेळेवर छापून लहान विक्रेत्यांपर्यंत पोहोचवणे, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे.

पण सगळे शासनावर ढकलून चालणार नाही. आपल्या विहारांकडे जागा आहे. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग पुस्तकांसाठी बाजूला काढता येतो. विहाराच्या एका कपाटात स्थानिक विक्रेत्याची पुस्तके ठेवावीत आणि दर रविवारी वंदनेनंतर ती विकावीत. विक्रेत्याला वर्षभर गिऱ्हाईक मिळेल आणि विहारात वाचनाची चर्चा सुरू होईल. लग्नात, नामकरणात, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात पुस्तके द्यायची असतील, तर तीही जवळच्या दुकानातून घ्यावीत.

आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे. अभ्यासिकेची यंदाची यादी काकांकडे दिली. काही पुस्तके ऑनलाइनपेक्षा महाग पडली, काहींसाठी आठ दिवस थांबावे लागले. पण यादी वाचून काकांनी विचारले, "यात पोरांसाठी 'जातिभेद निर्मूलन' कुठाय?" ते आम्ही लिहायलाच विसरलो होतो. त्यांनी दोन प्रती गठ्ठ्यात ठेवल्या.

जयभीम!