गिरीश बापट : नगरसेवकपदाच्या पायरीवरून

दिनांक 16 फेब्रुवारी 2023 रोजी पुण्याच्या केसरीवाड्यात कसबा पोटनिवडणुकीसाठी कार्यकर्त्यांचा मेळावा झाला. खासदार गिरीश बापट तेथे चाकांच्या खुर्चीवरून आले. नाकात प्राणवायूची नळी होती, बोलताना धाप लागत होती. तरीही चार शब्द बोलून ते गेले. आजारी माणसाला प्रचारात ओढले म्हणून विरोधकांनी टीकेची झोड उठविली. 2 मार्चला निकाल लागला आणि 1995 पासून भाजपाकडे असलेला कसबा सुमारे अकरा हजार मतांनी गेला. 29 मार्चला गिरीशभाऊही गेले.

त्या पराभवाची कारणमीमांसा करणाऱ्यांनी जातीची समीकरणे मांडली. कोणाला उमेदवारी दिली, कोणाच्या घराण्यात दिली नाही, यावर रकानेच्या रकाने भरले. समीकरणे अगदीच निरर्थक होती असे नाही. पण कसबा हा मतदारसंघ केवळ समीकरणांनी उभा राहिला नव्हता. तो कसा उभा राहिला, हे समजून घ्यायचे तर बापटांची वाटचाल मुळापासून पाहावी लागते.

3 सप्टेंबर 1950 हा त्यांचा जन्मदिवस. संघाचे संस्कार, वाणिज्य शाखेचे शिक्षण आणि टेल्कोतील नोकरी. त्या काळच्या मध्यमवर्गीय तरुणाने यापेक्षा अधिक मागितले नसते. आणीबाणी आली आणि नाशिकच्या कारागृहात 19 महिने काढावे लागले. सुटून आल्यावर त्यांना आमदारकीचे वेध लागले नाहीत. 1983 मध्ये ते पुणे महानगरपालिकेत नगरसेवक झाले आणि सलग तीनदा निवडून आले. स्थायी समितीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले, तेही महापालिका काँग्रेसच्या प्रभावाखाली असताना.

या काळाकडे चरित्रकार चटकन एका ओळीत उरकून पुढे जातात. माझ्या मते मात्र सारे मर्म येथेच आहे. नगरसेवकाकडे येणारा माणूस तत्त्वज्ञान ऐकायला येत नाही. त्याच्या वाड्यातला नळ आटलेला असतो, गल्लीतले ड्रेनेज तुंबलेले असते, नाहीतर मुलाला दाखला मिळत नसतो. त्या कामासाठी प्रशासनातील लहान कारकुनापासून आयुक्तांपर्यंत सारी साखळी ठाऊक असावी लागते. अंदाजपत्रकातील कोणत्या शीर्षाखाली पैसा पडून आहे हेही कळावे लागते. आणि अल्पमतात असताना काम करून घ्यायचे तर समोरच्या बाकावरच्यांशी संबंध राखावे लागतात. अंकुश काकडे आणि शांतिलाल सुरतवाला हे दुसऱ्या पक्षातले, पण बापटांच्या मैत्रीत पक्ष कधी आडवा आला नाही. आपल्यातील काही कडव्या मंडळींना हे खटके. विचार पातळ झाल्याची कुजबुजही होई. ज्याला आपल्या विचाराची खात्री असते त्याला दुसऱ्याच्या पंक्तीला बसण्याचे भय वाटत नाही, हे त्या मंडळींच्या ध्यानात येत नसे.

अपयशही वाट्याला आले. अण्णा जोशी 1991 मध्ये लोकसभेवर गेल्यानंतर कसब्यात पोटनिवडणूक झाली, तीत बापट पराभूत झाले. 1995 मध्ये त्यांनी तोच मतदारसंघ जिंकला. 1996 मध्ये लोकसभेला सुरेश कलमाडींकडून हरले आणि पुन्हा कसब्याच्या गल्ल्यांत परतले. त्यानंतर 1999, 2004, 2009, 2014 असे विजय मिळत गेले. 2014 च्या लोकसभेची उमेदवारी त्यांना हवी होती, ती अनिल शिरोळे यांना मिळाली. बापट पक्षातच राहिले, कामालाही लागले. त्याच वर्षी राज्यात सरकार आले आणि अन्न व नागरी पुरवठा, संसदीय कार्य ही खाती तसेच पुण्याचे पालकमंत्रिपद त्यांच्याकडे आले. 2019 मध्ये लोकसभाही तीन लाखांहून अधिक मताधिक्याने जिंकली.

मंत्री म्हणून त्यांच्यावर टीका झाली, ती सगळीच अन्यायाची नव्हती. 2015 मध्ये तूरडाळीने दोनशे रुपये किलोचा भाव गाठला तेव्हा गृहिणींचा रोष रास्त होता. दुसऱ्या बाजूला शिधावाटप दुकानांत अंगठा ठेवून धान्य देणारी यंत्रे त्यांच्याच कारकिर्दीत राज्यभर बसली, याची नोंद फारशी कोणी घेतली नाही. विनोदाच्या भरात त्यांची जीभ घसरे आणि पक्षाला सारवासारव करावी लागे. कसब्यातल्या जुन्या वाड्यांचा प्रश्न तर पाच वेळा आमदार होऊनही सुटला नाही. शनिवारवाड्यासारख्या संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत नव्या बांधकामाला केंद्रीय कायद्याने मनाई. त्यात मालक-भाडेकरूंचे तंटे. मोडकळीला आलेल्या वाड्यांतले हे मतदार आपलेच होते आणि 2023 मध्ये त्यांतले काही आपल्यापासून दुरावले असतील तर त्यांना दोष कसा द्यावा?

आणि त्यांना दुरावून नेणारा कोण होता? रवींद्र धंगेकर. हेही महापालिकेतच वाढलेले, दुचाकीवरून वस्तीत फिरणारे, 2009 मध्ये बापटांशी निकराने लढलेले. त्यांचे पक्ष बदलत गेले, पण दारात जाण्याची सवय सुटली नाही. थोडक्यात, कसब्यात आपल्याला बापटांच्याच पठडीतल्या माणसाने हरविले. पुढे 2024 मध्ये याच धंगेकरांना लोकसभेला मुरलीधर मोहोळ यांनी आणि विधानसभेला हेमंत रासने यांनी पराभूत केले. मोहोळ माजी महापौर, रासने स्थायी समितीचे माजी अध्यक्ष. जिच्या निधनाने ती पोटनिवडणूक झाली त्या मुक्ता टिळक याही महापौर होत्या. सारी मंडळी एकाच शाळेची.

ती शाळाच मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षे बंद होती. मुदत संपली, प्रकरण न्यायालयात अडकले, प्रशासक नेमला गेला. या काळात राज्यात सत्ता प्रथम त्यांची होती, मग आपली, म्हणून बोट एकाच दिशेला दाखविता येणार नाही. आपल्याच सरकारने 2017 च्या निवडणुकीपूर्वी चार सदस्यांचा प्रभाग आणला, हेही विसरता येत नाही. एका चिन्हाच्या लाटेवर चार उमेदवार तरून जातात, हा त्याचा लाभ आपण घेतला. बापट ज्या वॉर्डातून शिकले तेथे गल्लीचे उत्तर देणारा माणूस एकच असे. आता तुंबलेल्या गटाराचे धनी चार, म्हणजे व्यवहारात कोणीच नाही.

जानेवारी 2026 मध्ये अखेर मतदान झाले, तेही बव्हंशी चार सदस्यांच्याच प्रभागांत. पुण्यातील आपल्या शाखांनी एक साधी गोष्ट करून पाहावी. वस्तीतल्या दहा घरी जाऊन विचारावे, की रात्री अकरा वाजता पाणी घरात शिरले तर या चौघांपैकी तुम्ही कोणाचे दार वाजवाल? उत्तरे लिहून ठेवावीत आणि पुढच्या वेळी उमेदवारीची यादी करणाऱ्यांच्या हाती द्यावीत.