बोर्ड नवा, विंडोज जुनी

आपल्या वस्त्यांतून डी.टी.पी.ची कामे करून घराला हातभार लावणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. खोलीच्या एका कोपऱ्यात टेबल, त्यावर जुना कॉम्प्युटर, शेजारी प्रिंटर. १४ एप्रिलची हँडबिले, वैशाख पौर्णिमेची कार्यक्रमपत्रिका, मंगल परिणयाच्या पत्रिका, पुण्यानुमोदनाची कार्डे, विहाराची पावतीपुस्तके हे सारे तिथे जुळवले जाते आणि मग छापखान्यात जाते. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. छापील अक्षराशी जुळलेले ते नाते आज अशाच कोपऱ्यांतून टिकून आहे, असे आम्ही मानतो.

अशा कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला की दुकानदार एकच उत्तर देतो, "नवा बोर्ड टाकू, पण हार्डडिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकावी लागेल." आमच्या माहितीतल्या एका मुलाला ऐन मार्च महिन्यात हे ऐकावे लागले. जयंतीच्या ऑर्डरी हातात, आणि बारा वर्षांचे काम त्या डिस्कवर. "दादा, जरा थांबा," म्हणून त्याने डिस्क काढून घरी आणली, हे फार चांगले केले.

नवी विंडोज टाकली तर बिघडते काय, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. ही मंडळी अजून पेजमेकरवर काम करतात. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ साली आली आणि मग तो बंद पडला. मराठी अक्षरे श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली. या फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षर बसवलेले असते, म्हणून फाँट गेला की सगळी पत्रिका अगम्य चिन्हांचा ढीग होते. मूळ सीडी हरवलेली असते, तिचा क्रमांक कोणाला आठवत नसतो. एकदा पुसलेले पुन्हा तसेच बसेल याची खात्री नसते. म्हणून जुनी विंडोज आहे तशी नव्या बोर्डावर उठवणे हाच खरा मार्ग.

प्रथम, बोर्डच गेला आहे ना, हे पाहावे. पुष्कळदा एस.एम.पी.एस. किंवा रॅम गेलेली असते आणि खापर बोर्डावर फुटते. बोर्डावरचे कपॅसिटर डोके वर काढून फुगलेले दिसले तर मात्र शंका उरत नाही. मग डिस्क यू.एस.बी. केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून सगळे काम उतरवून घ्यावे. हे झाल्याशिवाय पुढे एकही पाऊल टाकू नये.

बोर्ड विकत घेताना जुन्या मॉडेलचाच मिळाला तर निम्मे काम तिथेच होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला वापरलेले बोर्ड मिळतात. दुकानात "त्याच जातीचा बोर्ड" म्हणतात; आपण "त्याच बनावटीचा" म्हणू. तो मिळालाच नाही तर निदान इंटेलच्या जागी इंटेलचा घ्यावा. डोंगल जुना, म्हणजे प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टला लागणारा असेल, तर त्या पोर्टची चौकशी पैसे देण्यापूर्वी करावी. पुष्कळ नव्या बोर्डांवर ते नसते, आणि डोंगलशिवाय फाँटची प्रणाली उघडत नाही.

बोर्ड बसवून बटण दाबले की विंडोज सेव्हन अर्ध्यात येऊन निळा पडदा दाखवते. निळा रंग आपला खरा, पण हा निळा संकटाचा. कोणी म्हणतो व्हायरस, कोणी म्हणतो मशीनचे नशीब. तथागतांनी कारण शोधायला शिकवले आहे, आणि कारण इथे साधे आहे. डिस्क वाचण्यासाठी विंडोजला ड्रायव्हर लागतो. जुन्या बोर्डाला ज्याची गरज नव्हती, तो ड्रायव्हर विंडोज सुरू होताना वापरतच नाही. नवा बोर्ड वेगळ्या रीतीने डिस्क दाखवतो, विंडोजला ती सापडत नाही, आणि शेवटी ७बी असलेला क्रमांक दाखवून ती थांबते.

उपाय बायोसमध्ये आहे. तिथे साटा मोड म्हणून एक जागा असते. जुन्या बोर्डावर तो आय.डी.ई. असेल आणि नव्यावर ए.एच.सी.आय., तर नव्यालाही आय.डी.ई. करावे. त्या मुलाने एवढेच केले. विंडोज उघडली, तिने स्वतःच एकेक वस्तू ओळखली, दोनदा बंद होऊन चालू झाली. पुढे ए.एच.सी.आय. हवेच असेल तर रजिस्ट्रीत एम.एस.ए.एच.सी.आय. नावाच्या सेवेची 'स्टार्ट' ही किंमत ३ ची ० करावी, मशीन बंद करून मग बायोस बदलावे. पत्रिकांच्या कामाला त्याने काही फरक पडत नाही, असे आमचे मत आहे. बूट मोडही पाहावा. जुनी डिस्क बहुधा 'लेगसी' पद्धतीची असते, आणि नवा बोर्ड फक्त यू.ई.एफ.आय.वर ठेवला तर ती त्याला दिसत नाही.

दोन अडचणी आणखी. फार नव्या बोर्डावर विंडोज सेव्हनला यू.एस.बी.चा ड्रायव्हर माहीत नसतो, मग कीबोर्ड-माऊस मुके होतात. गोल पिनेचा जुना कीबोर्ड फेकून देऊ नये, तो इथे उपयोगी पडतो. दुसरे, नेटचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर आणून ठेवावा.

बोर्ड बदलल्यावर विंडोज परवाना मागते. मशीनबरोबर आलेला परवाना त्या मशीनशी बांधलेला असतो. वेगळा विकत घेतलेला दुसऱ्या बोर्डावर नेता येतो. डब्यावरच्या स्टिकरवरील क्रमांक उन्हा-धुळीने पुसतो, तो आजच वहीत उतरवून ठेवावा. दुकानदार फुकट टाकून देतो ती विंडोज पुष्कळदा चोरीची असते. दुसरे शील रोज म्हणणाऱ्यांना यापेक्षा अधिक काय सांगावे?

विंडोज १० आणि ११ चे बरे आहे. त्या बहुतेक वेळा नव्या बोर्डावर आपोआप उठतात. मात्र परवाना बोर्डाशी नोंदलेला असतो, म्हणून तो मायक्रोसॉफ्टच्या खात्याला आधीच जोडून ठेवावा. बिटलॉकर चालू असेल तर नवा बोर्ड ४८ अंकी किल्ली मागतो. ती नसेल तर डिस्क उघडतच नाही, कोणाकडेही नेली तरी. मुलांच्या लॅपटॉपची ही किल्ली आई-वडिलांनी कागदावर लिहून घ्यावी.

विंडोज सेव्हनला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षेची मदत देणे थांबवले आहे. तेव्हा उठवलेल्या मशीनवर बँकेचे किंवा शिष्यवृत्तीचे काम करू नये. नेटची तार काढून ते फक्त पेजमेकरसाठी ठेवावे. प्रत्येक जुन्या पत्रिकेची पी.डी.एफ. करून, फाँटच्या फाइलींसह, दोन पेनड्राइव्हवर उतरवावी. एक घरी ठेवावा, दुसरा विहाराच्या ग्रंथालयातील कपाटात. तिथे तेवढी जागा नक्कीच निघेल.