छावणी जाईल, पण हिशेब कोण देणार?

छावणी मंडळं मोडून तिथली नागरी वस्ती शेजारच्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत घालायची, हे केंद्र सरकारचं धोरण आता नवं राहिलेलं नाही. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचलातल्या योलपासून सुरुवात झाली. आपल्या महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी अशा सात छावण्या आहेत. कुठेही जा, चहाच्या टपरीपासून ऑफिसर्स मेसपर्यंत या विषयावर वाद ऐकू येतोच. माझं मत आधीच सांगून टाकतो. विलीनीकरणाला माझा विरोध नाही. हिशेब न मांडता केलेल्या विलीनीकरणाला आहे. घरात वाटणी करायची तर आधी भांडीकुंडी मोजतात, देणी मोजतात, म्हाताऱ्यांचं कोण बघणार ते ठरवतात. इथे सगळे फक्त वाटणीची तारीख विचारतायत.

ज्यांचा छावणीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंग्रजांनी पहिली छावणी १७६५ मध्ये बंगालात बराकपूरला वसवली. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात ५६ छावण्या होत्या. नंतर आणखी सहा झाल्या, शेवटची १९६२ मध्ये अजमेरची. म्हणजे एकूण ६२. पलटणीच्या मागे धोबी आला, शिंपी आला, वाणी आला, आणि बघता बघता गाव वसलं. काही ठिकाणी ते गाव पलटणीपेक्षा मोठं झालं. सिकंदराबाद छावणीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत दोन लाखांच्या वर होती. पुण्याचा कॅम्प तर सगळ्यांना ठाऊक आहे. खडकवासल्याला असताना रविवारची लिबर्टी मिळाली की आम्ही कॅडेट महात्मा गांधी रस्त्यावर फिरायचो, पण हा भाग पुणे महापालिकेचा नाही हे आमच्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल.

या गावाचा कारभार छावणी मंडळ बघतं. पाणी, झाडलोट, दिवे, रस्ते, शाळा, दवाखाना, जन्म-मृत्यूचे दाखले, दुकानांचे परवाने, सगळं. मंडळाचा अध्यक्ष स्टेशन कमांडर असतो. मुख्य कार्यकारी अधिकारी संरक्षण संपदा सेवेतला असतो. मोठ्या छावणीत जितके सदस्य निवडून येतात तितकेच नेमलेले असतात आणि उपाध्यक्ष निवडून आलेल्यांतून होतो. २००६ च्या छावणी कायद्याने ही चौकट दिली. एका छावणीत, नाव सांगत नाही, मी नेमलेला लष्करी सदस्य म्हणून सुमारे दोन वर्षं बसलो. रणगाड्याचं मायलेज आणि दारूगोळ्याचा कोटा समजणाऱ्या माणसाला कचऱ्याच्या गाडीचा खर्च समजून घ्यायला वेळ लागतो. पण एकदा समजला की गाव वेगळंच दिसायला लागतं.

मंडळाचं वर्षाचं बजेट हातात आलं की मी उत्पन्नाची बाजू आधी वाचायचो. घरपट्टी, पाणीपट्टी, सफाई कर, बाजारातल्या गाळ्यांची भाडी, परवाना शुल्क, पार्किंग. खाली केंद्राचं अनुदान. खर्चाच्या बाजूला सगळ्यात वर पगार आणि पेन्शन. मंडळाचे कर्मचारी म्हणजे सफाई कामगार, शिक्षक, नर्स, पंप चालवणारे. त्यांची पेन्शन मंडळालाच भागवावी लागते. हे देऊन झालं की उरलेल्यात पाणी, वीज, औषधं आणि कुठेतरी तळाशी रस्ते. नवा प्रकल्प वगैरे शब्द त्या कागदावर फार क्वचित दिसायचे.

पूर्वी असं नव्हतं. महाराष्ट्रातल्या छावण्यांना जकातीच्या पैशाचा मोठा आधार होता. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि असे स्थानिक कर गेले. महापालिकांचं नुकसान भरून देण्यासाठी राज्याने त्याच वर्षी वेगळा कायदा केला आणि त्यांना दरमहा रक्कम मिळू लागली. छावण्या त्यात नव्हत्या. राज्य म्हणतं, तुम्ही केंद्राचे. केंद्र म्हणतं, जीएसटीतला स्थानिक संस्थांचा वाटा राज्याने द्यायचा. गंमत म्हणजे २००६ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की अनुदानं आणि केंद्राच्या योजनांपुरतं छावणी मंडळ हे नगरपालिकाच मानलं जाईल. कागदावर नगरपालिका, पैसे वाटताना परकं. कॅम्पातला दुकानदार जीएसटी भरतो, लक्ष्मी रस्त्यावरचाही भरतो. एकाच्या रस्त्याला त्यातून काही मिळतं, दुसऱ्याच्या रस्त्याला नाही.

आता आपल्याच घरातली गोष्ट, जी फौजी मंडळी सहसा बोलत नाहीत. केंद्र सरकारच्या मालमत्तेवर राज्यघटनेच्या कलम २८५ नुसार कर लावता येत नाही. पण पाणी, गटार, कचरा या सेवा सरकारी इमारतीही घेतातच. म्हणून कराऐवजी सेवाशुल्क द्यायचं असतं. राजकोट महापालिकेच्या खटल्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर याचे दरही ठरले. सगळ्या सेवा घेतल्या तर मालमत्ता कराच्या ७५ टक्के, काहीच घेतल्या तर ५० टक्के, अजिबात घेतल्या नाहीत तरी एकतृतीयांश. छावणीत सगळ्यात मोठा मालमत्ताधारक कोण? आपण. आणि अनेक छावण्यांत वर्षानुवर्षं थकलेली सगळ्यात मोठी रक्कम कुठली? हेच सेवाशुल्क.

आमच्या मंडळाच्या बजेटच्या बैठकीत निवडून आलेल्या एका सदस्याने, कापडाचं छोटं दुकान असलेला साठीचा गृहस्थ, शांतपणे हिंदीत विचारलं होतं, "साहब, आमची घरपट्टी दोन हप्ते चुकली तर नोटीस येते, तिसऱ्याला नळ तोडतात. तुमची थकली तर आम्ही कोणाचा नळ तोडायचा?" ब्रिगेडियर साहेब हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना वरच्या कार्यालयाला पुन्हा पत्र लिहायला सांगितलं. अशी पत्रं त्याआधीही गेली होती. सेवाशुल्काची तरतूद दिल्लीतून यायची, दुसऱ्या निकडीच्या खर्चांसमोर मागे पडायची, आणि गावातल्या गटाराचं काम पुढच्या वर्षावर जायचं. यात कोणी खलनायक नाही. पण परिणाम त्या दुकानदाराच्या गल्लीत दिसतो, दिल्लीत नाही.

फौजेत राहिलेल्या प्रत्येकाला गेरू-चुना माहीत आहे. वार्षिक इन्स्पेक्शन आलं की रस्त्याकडेचा एकेक दगड रंगतो, झाडांच्या बुंध्याला पट्टे येतात. चांगला इन्स्पेक्टिंग ऑफिसर त्या दगडांकडे बघतसुद्धा नाही. तो थेट लंगरच्या मागे जातो, नाली बघतो, स्टोअरचं लेजर उघडतो आणि एखाद्या वस्तूची मोजणी करायला लावतो. लोक छावणीकडे मात्र दगड बघूनच मत बनवतात. रुंद रस्ते, जुनी झाडं, शांतता. "छावणी कशी स्वच्छ असते!" हो, असते. पण बहुतेकांनी बघितलेली छावणी म्हणजे आमच्या मेसची आणि बंगल्यांची बाजू. सदर बाजारच्या मागच्या गल्लीत गेलात तर शहरासारखंच दाटीवाटीचं गाव आहे. मार्च २०२१ मध्ये पुणे कॅम्पात आधी शिवाजी मार्केट आणि त्याच महिन्यात फॅशन स्ट्रीट जळालं. शेकडो लोकांची रोजीरोटी एका रात्रीत गेली. अरुंद बोळ, खेटून उभी दुकानं. बाजारातून भाडं आणि शुल्क गोळा होतं, पण ते आगीपासून वाचवण्यावर किती खर्च होतं, हा प्रश्न लेजर उघडल्याशिवाय सुटत नाही.

लेजर उघडायला लावणारे लोकही आता मंडळात फारसे नाहीत. मंडळांची मुदत फेब्रुवारी २०२१ मध्ये संपली. त्यानंतर तिघांचं मंडळ: स्टेशन कमांडर, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि एक नेमलेला नागरिक. ३० एप्रिल २०२३ ला ५७ छावण्यांत निवडणुका होणार असं जाहीर झालं, उमेदवार तयारीला लागले, आणि मार्चमध्ये निवडणुका रद्द झाल्या. आमचा तो कापड दुकानदार आज मंडळात असता तर त्याने प्रश्न विचारले असते. नेमलेला माणूस कितीही सज्जन असला तरी त्याला गल्लीतल्या शिव्या खाव्या लागत नाहीत. आणि गल्लीतल्या शिव्या हा स्थानिक कारभाराचा सगळ्यात स्वस्त ऑडिट आहे.

मग महापालिकेत गेल्यावर सगळं सुरळीत होईल? योलची नागरी वस्ती शेजारच्या ग्रामपंचायतींत गेली. छावणी मंडळाचा सफाई विभाग आणि डोंगरातल्या ग्रामपंचायतीचं उत्पन्न यांची तुलना प्रत्येकाने आपल्या मनाशी करावी. दुसरं उदाहरण आपल्या पुण्याचं. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. खडकवासला, किरकटवाडी आणि नांदेड ही दुसऱ्या खेपेतली गावं, आमच्या अकादमीच्या शेजारची. जानेवारी २०२५ मध्ये याच भागात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले आणि संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. गाव महापालिकेत येऊन साडेतीन वर्षं झाली होती. पाटी बदलली होती, पण शुद्ध पाण्याची पूर्ण व्यवस्था पोचली नव्हती. धरणाच्या पायथ्याशी राहून ही गत. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही पहिल्या खेपेतली गावं तर नंतर पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करायचं ठरलं. हद्द आखायला एक अधिसूचना पुरते. पाइप टाकायला पैसा, जागा आणि वर्षं लागतात.

जून २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने विलीनीकरणाची ढोबळ पद्धत कळवली. नागरी सुविधांसाठीच्या मालमत्ता स्थानिक संस्थेला विनामूल्य मिळतील, मंडळाची येणी-देणी तिच्याकडे जातील, जमिनीची मालकी जिथे केंद्राची आहे तिथे केंद्राचीच राहील. वाचायला सुटसुटीत आहे. पण येणी-देणी जातील याचा अर्थ काय? पेन्शनचा बोजा महापालिकेकडे जाईल, हे नक्की. थकलेलं सेवाशुल्कही कागदोपत्री 'येणं' म्हणून जाईल. ते वसूल करायला महापालिका पुढची वीस वर्षं पत्रं लिहील, की आपण आधीच चुकतं करून मोकळे होऊ?

माझे काही सेवानिवृत्त ज्येष्ठ सांगतात, छावणी ही आपली संस्कृती आहे, ती मोडू नका. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे, माझीही अर्धी नोकरी त्या झाडांखाली गेली. पण आपली संस्कृती जपण्यासाठी दुसऱ्याने गळक्या छपराखाली राहावं, असं म्हणता येणार नाही. छावणीतल्या रहिवाशाला घराची खोली वाढवायची तर बांधकामाचे कडक नियम आणि लीजची कटकट आहे. पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला मिळणारी राज्याची योजना त्याला मिळेलच असं नाही. त्याला बाहेर पडावंसं वाटणं साहजिक आहे. सुरक्षेचा मुद्दा खरा आहे, पण तो लष्करी भागाचा. तो भाग मिलिटरी स्टेशन म्हणून आपल्याकडेच राहणार आहे.

म्हणून मागण्या तीनच. प्रत्येक छावणीने विलीनीकरणाआधी मराठीत, किंवा त्या त्या गावच्या भाषेत, चार पानांचा ताळेबंद बाजारात लावावा: वर्षाला पाण्याला किती, कचऱ्याला किती, शाळा-दवाखान्याला किती, पेन्शनला किती, आणि यातलं गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातून किती निघतं. घेणाऱ्या महापालिकेने त्याखाली लिहून द्यावं की यातली कुठली सेवा ती पहिल्या दिवसापासून चालवेल आणि कुठलीला किती वर्षं लागतील. दुसरं, संरक्षण खात्याने थकलेलं सेवाशुल्क हस्तांतराच्या आधी चुकतं करावं. तिसरं, हे सगळं होईपर्यंत निवडणुका घ्याव्यात, मग मंडळाचं आयुष्य दोन वर्षांचं का असेना.

पोस्टिंग संपली की युनिट सोडताना आपण 'नो ड्यूज' सर्टिफिकेट घेतो. मेसचं बिल, लायब्ररीचं पुस्तक, क्वार्टरचा पंखा, सगळं तपासलं जातं, मग वाट मोकळी होते. अडीचशे वर्षांचा छावणीतला मुक्काम आपण आवरतोय. गावालाही आपल्याकडून ते सर्टिफिकेट मागायचा हक्क आहे.